इंग्रजी बोललात तर हंडा आणा: बोईसर ते मासवण

"पोशी पावणी झाली."

लाडकीआजी म्हणे एवढंच म्हणाली आणि चुलीकडे वळली. पोशी म्हणजे पोरगी. दिवाळीला नात पाड्यावर आली, ओट्यावर बसली. आजीने विचारलेलं तिला सगळं कळत होतं, पण उत्तराला तोंड काही उघडेना. नुसती मान हलवायची. आणि आजीने ताटात भाकरी वाढली तेव्हा म्हणाली, "थँक्यू." स्वतःच्या घरात भाकरीला थँक्यू कोण म्हणतं? पाहुणे म्हणतात. म्हणून पोशी पावणी झाली.

हे मला फोनवर सांगत होती वनिता, म्हणजे त्या पोशीची आई आणि लाडकीआजीची लेक. नाशिकला लॅब टेक्निशियनचा कोर्स करताना ती माझ्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायची. आता बोईसरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. भाडेकरू गेली, ताई म्हणायची सवय राहिली.

"ताई, जानेवारीत चुलतभावाचं लगीन हाय, मासवणच्या पुढं आमच्या पाड्यावर. तुमी या. आयस लगीन लावणार हाय."

आयस म्हणजे आई. आणि आई लग्न लावणार म्हणजे अक्षरशः लावणार. वारल्यांच्या लग्नात परंपरेने भटजीचा पाट एका बाईचा असतो. तिला धवलेरी म्हणतात. ती गाते आणि तिच्या गाण्यातून लग्न पुढे सरकतं. लाडकीआजी आसपासच्या पाड्यांची धवलेरी. पण धवलेरी एकटी गात नाही. तिने ओळ टाकायची, शेजारी बसलेलीने ती झेलायची, मग पुढची ओळ. आजीची ओळ आयुष्यभर तिच्या धाकट्या बहिणीने झेलली, ती पावसाळ्यात गेली. ज्या पोरी झेलू शकल्या असत्या त्या दिवाळी होताच आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर गेल्या. उरली आरोही, ही थँक्यूवाली नात. वय नऊ. दोन वर्षांपूर्वी इंग्रजी शाळेत जाण्याआधी म्हणे आजीची ओळ पुरी व्हायच्या आत झेलायची.

"आणि आता?"

"आता नाय माहीत. आयस म्हणते, पोशी नाय झेलली तर हे माझं शेवटचं लगीन. आणि ताई, लगीन रविवारचं, त्याच रविवारी शाळेचं गॅदरिंग हाय. शाळा सोडत नाय म्हणते."

मला मूलबाळ नाही, त्यामुळे मुलांच्या शिक्षणावर ठाम मतं बाळगायला मी पूर्ण मोकळी आहे. मी पिशवी भरली.

शुक्रवार

नाशिकहून पालघरकडे जाणारी एसटी पकडायची. थेट नाही मिळाली तर जव्हारला बदला. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत बायका खिडकीशी आणि नवरे उभे, हे सामाजिक परिवर्तन डोळे भरून पाहता येतं. त्र्यंबक सोडलं की मोखाड्यापर्यंत रस्ता वळणं घेतो, उलटीची सवय असणाऱ्यांनी आवळासुपारी बरोबर ठेवावी. जव्हारला चहा प्या, थंडीत तो दोनदा प्यावा. विक्रमगड गेलं की उतार लागतो, हवा जड होते, आणि मनोरला महामार्ग आडवा येतो. तिथे वडापाव बरा मिळतो, पण ट्रकचा धूर मोफत असतो.

मनोर ते पालघर रस्त्यावर मासवण लागतं. सूर्या नदीचा पूल, पलीकडे कापलेल्या भाताची खाचरं, ताडाची झाडं. उतरायचा मोह झाला, पण मला आधी बोईसरला जायचं होतं.

तर आता मुद्द्याचं. मनोरपासून बोईसरपर्यंत मी होर्डिंगं वाचत गेले. नवरीच्या दागिन्यांची दोन-चार, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांची बरीच, आणि उरलेली सगळी शाळांची. इंटरनॅशनल, ग्लोबल, वर्ल्ड. एका 'वर्ल्ड'च्या गल्लीत आमच्या शेअर रिक्षावाल्याने शिरायला नकार दिला. म्हणाला, "अंदर रोड नहीं है, मॅडम." जग आहे, रस्ता नाही. होर्डिंगवरची मुलं सगळी गोरी, टाय लावलेली, कुठल्या देशातली कोण जाणे. या जिल्ह्यातलं एकही पोर या जिल्ह्यातल्या होर्डिंगवर दिसलं नाही. पालघरची नवी सरकारी कचेरी तेवढी बघून घ्या. एवढी भव्य आहे की आत जायला आपणच अर्ज करावा असं वाटतं.

बोईसर स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू. बिहारमधल्या सिवानचा भाजीवाला, जळगावचा ऑपरेटर, चिंचणीची मासेवाली, सगळे एकमेकांशी हिंदीत भांडतात आणि घरी जाऊन आपापल्या भाषेत त्याची तक्रार करतात. संध्याकाळी वारा एमआयडीसीकडून आला की नाकाला कळतं. चौकशी केली तर उत्तर मिळतं, "आज कमी हाय."

वनिताच्या घरी जेवायला तांदळाची भाकरी, वालाच्या शेंगांची भाजी आणि सुका बोंबील होता. आरोही माझ्या शेजारी बसली. दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा आलेला. मी विचारलं, "काय गं, कितवीत?" तिने आधी आईकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि मग हळूच म्हणाली, "फोर्थ."

"दाराकडे काय बघतेस?"

उत्तर वनिताने दिलं. "मॉनिटर. बाजूच्या बिल्डिंगमधली पोरगी लँग्वेज मॉनिटर हाय. शाळेच्या बाहेर बोललेलंपण सांगते. इंग्लिश सोडून दुसरं बोललं की दहा रुपये दंड. डबा हाय त्याला, ऑफिसात."

"मराठी बोललं तरी?"

"मराठी बोललं तरी. वारली बोललं तर दंडपण आणि हसतातपण."

वनिताचा नवरा नरेश एका केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. डहाणूकडचा, वारलीच. शांत माणूस. जेवण झालं तसा तो हात धुऊन आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"ताई, तुमी लिवणाऱ्या बाई. तुमाला भाषा जपायची हाय, बरोबर हाय. पण आमच्या लाइनीत एकाने ड्रम उघडला. ड्रमवर लिवलेलं होतं. इंग्लिशमधी. त्याला वाचता नाय आलं. त्याचे हात भाजले, अजून चमचा धरता नाय येत. तो माझा दोस्त. मी माझ्या पोरीला ड्रम वाचाला शिकवतो हाय. बाकी काय नाय."

यावर ज्याच्याकडे उत्तर असेल त्याने बोईसरला जाऊन त्या दोस्ताला द्यावं. माझ्या मनात आलं ते इतकंच, की ड्रमवर दोन ओळी मराठीत आणि हिंदीत लिहायला रंग किती लागला असता? पण ते मालकाला विचारायचं, नरेशला नव्हे.

"इंग्लिश शिकू दे ना," वनिता म्हणाली. "शिकूच दे. पण तिची जीभ आयसच्या ओट्यावर अडकते ती कशाला?"

"रविवारी गॅदरिंग नाय केलं तर पुढच्या वर्षी सीट देणार नाय, असं मॅडम बोलली हाय. मग सांग कठं घालू पोरीला?"

वनिता उठली आणि तिने गाद्या अंथरल्या.

शनिवार, सकाळ

शाळेचं नाव सांगत नाही. त्यात एक फूल आहे, एक संत आहे आणि शेवटी 'इंटरनॅशनल' आहे. वनिता रजा मागायला निघाली, मी सोबत गेले. नरेश सकाळच्या शिफ्टला गेला होता.

पटांगणात गॅदरिंगची तालीम चालली होती. स्पीकरवर ढणढण गाणं, आणि समोर पंचवीस-तीस पोरं, कमरेला हिरव्या प्लॅस्टिकची पानं, डोक्यावर रंगीत पिसांचे टोप. फलकावर लिहिलेलं मी मराठीत सांगते, शाळेने अर्थात इंग्रजीत लिहिलं होतं: 'आपल्या मातीचे आदिवासी नृत्य.'

मी आयुष्यात बऱ्याच वारली माणसांना भेटले आहे. डोक्याला पिसं लावलेला एकही भेटला नाही. ती पिसं कुठल्यातरी सिनेमातून उडत बोईसरला आली असावीत.

मध्यभागी एक मुलगा थर्माकोलचा तारपा धरून उभा. तारपा म्हणजे दुधीभोपळ्याचं लांब वाद्य. ते फुंकणारा मध्ये, आणि नाचणारे त्याच्याभोवती हातात हात गुंफून. नाच शिकवायला मीरा रोडहून सर आणले होते. ते ओरडत होते, "फेस टु ऑडियन्स! पूरी लाइन सामने!" सगळी ओळ समोर वळायची. एक मुलगी तेवढी परत तारप्याकडे तोंड करून फिरायची. आरोही.

"ए सेकंड लास्ट! सामने देख!"

ती समोर बघायची. गाणं सुरू झालं की पाय आपोआप फिरायचे, तोंड तारप्याकडे. तिसऱ्यांदा सरांनी स्पीकर बंद केला आणि तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. "प्रॉब्लेम क्या है तेरा?"

आरोही पुटपुटली, "तारप्याला पाठ नाय दाखवत."

"क्या?"

आता ती जरा मोठ्याने म्हणाली. "तारप्याला पाठ नाय दाखवत. आमच्यात."

लगेच ओळीतून एक किनरा आवाज आला. "सर! शी स्पोक व्हर्नाक्युलर!" मॉनिटर ड्यूटीवर होती.

बघा हं. वारली नाचाच्या तालमीत एका वारली मुलीने वारली नाचाचा नियम वारलीत सांगितला. तिला दहा रुपये दंड झाला. हे मी रचलेलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बाई अतिशयोक्ती करते.

मुख्याध्यापिकाबाईंचं ऑफिस गार होतं. टेबलावर तो डबा होता, पारदर्शक, वर 'इंग्लिश प्लीज' असं लिहिलेलं, सोबत हसरा चेहरा. आत नोटा. बाई वाईट नव्हत्या. वाईट माणसांशी भांडणं सोपं असतं. या हसून बोलत होत्या.

"आरोहीज मम्मी, ट्राय टु अंडरस्टँड. शी इज अवर ओरिजिनल फेस! चीफ गेस्टना बुके तीच देणार. बाकी सगळे तर मेकअप करून आदिवासी झालेत."

"घरात लगीन हाय, मॅडम. आदिवासीचंच लगीन हाय. तिची आजी लावणार हाय, पोरगी बाजूला लागते."

"पण हेच तर आपण स्टेजवर दाखवतोय ना! तिथे कोण बघणार? इथे व्हिडिओ होणार आहे."

मी खुर्चीत सावरून बसले. वनिता मात्र उभीच होती. तिच्या शेजारी आरोही, अंगावर शाळेचा गणवेश, त्यावर पानं, डोक्यावर पिसं. वनिताने हात वर करून लेकीच्या डोक्यावरचा टोप काढला आणि टेबलावर ठेवला. हळूच ठेवला, एखादं अंडं ठेवावं तसा. मग ती वारलीत बोलू लागली. नाशिकला माझ्याकडे ती किती वर्षं राहिली, पण ही भाषा तिच्या तोंडून इतकी मोकळी मी कधी ऐकली नव्हती. माझ्यापुढेही ती 'शुद्ध' बोलायची. तिच्या आश्रमशाळेतल्या मराठी गुरुजींनी तिच्या 'हाय'वर छडी मारलेली. तेव्हा मराठीवाल्यांनी इथे फार ताठ मानेने बसू नये. आमची छडी आधीची, इंग्रजीची नंतरची.

"लँग्वेज प्लीज," बाई म्हणाल्या, अजून हसतच.

वनिताने पर्स उघडली, पन्नासची नोट काढली आणि डब्याच्या फटीतून आत सारली.

"दंड घ्या. पैला भरून ठेवते. माला अजून खूप बोलायचं हाय."

आणि ती बोलली. आम्ही लगीन करायला चाललो, पोरीला नेतो, सोमवारी पोरगी वर्गात येईल. पिसं कोणाची ते शोधा आणि त्याची त्याला परत द्या. नाचायचं असेल तर तारप्याकडे तोंड करून नाचा. बाईंना किती कळलं माहीत नाही. दारातल्या शिपाईमावशीला सगळं कळलं. ती मंगेलीण, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली. आम्ही बाहेर पडताना तिने वनिताच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पन्नासचं पुरं वसूल केलंस गो बाय."

रिक्षात बसल्यावर वनिताने पर्समधले उरलेले पैसे मोजले. "ताई, सीट गेली," ती म्हणाली. "नरेशला काय सांगू?"

शनिवार, दुपार

बोईसरहून पालघर, पालघरहून मनोरकडची एसटी, मासवणच्या पुढे उतरायचं. पुढे दोनेक किलोमीटर पायवाट. टॅक्सी करू नका, ती अर्ध्यात सोडते. पाण्याची बाटली न्या. जानेवारीतही दुपारी ऊन लागतं.

लग्नघरात मांडव पडला होता. मागच्या बाजूला डीजेचा टेम्पोही उभा होता, कारण नवरदेव तरुण आहे आणि हे एकविसावं शतक आहे. डीजेवाला आवाज तपासायला लागला तशी घरातून एक बारकीशी म्हातारी कमरेवर हात ठेवून बाहेर आली. "ए पोऱ्या! आधी माझं होऊ दे. मंग तू बोंबल."

ही लाडकीआजी. डीजे बंद.

आत भिंत गेरूने सारवून तयार होती. लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, काढायचा होता. सवाष्णी तांदळाचं पीठ कालवून बांबूच्या काड्या घेऊन बसल्या होत्या. या घरची रीत अशी: आजी गाण्यात सांगते, काय काढायचं. शेजारची ती ओळ झेलते. झेलली की हात भिंतीला लागतो. झेलली नाही तर हात थांबतो.

आजीने आरोहीकडे पाहिलं. वेण्यांना अजून एक हिरवं प्लॅस्टिकचं पान चिकटलेलं. ते तिने काढलं, उलटंसुलटं पाहिलं, कोंबडीपुढे टाकलं. कोंबडीनेही खाल्लं नाही.

"अठं बस," आजी म्हणाली. आरोही बसली.

आजीने सूर्याची ओळ टाकली. आवाज म्हातारा, पण धार भाकरीच्या काठासारखी. ओळ संपली. आता शेजारून आवाज यायला हवा.

आला नाही.

आरोहीचे ओठ हलत होते, पण मिटलेल्या तोंडात. डोळे दाराकडे. आजीने ओळ पुन्हा टाकली. सवाष्णींच्या काड्या हवेत. भिंतीवर अर्धा सूर्य, त्यातून पिठाचा एक ओघळ खाली निघाला. कोणीतरी म्हणालं, माझ्या मोबाईलात गेलेल्या मावशीचं गाणं हाय, लावू का?

"मोबाईल झेलते का?" आजी म्हणाली. "तो निस्ता बोलते."

आरोही आईच्या कानाशी लागली. एवढ्या शांततेत ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. "मम्मा, इथे मॉनिटर कोण आहे?"

"काय म्हणते पोशी?" आजीने विचारलं.

वनिताने सांगितलं. दंड, डबा, मॉनिटर, सकाळचं पटांगण, सगळं. बायका ऐकत होत्या. आजीही ऐकत होती. मला वाटलं आता शिव्या येणार, किंवा रडं. आजीने विचारलं ते वेगळंच. "तारपा? आता? भात झोडून झाला, तारपा कवाच टांगला. आता कोण वाजवते?"

"शाळा वाजवते," वनिता म्हणाली.

आजी हसली. तिच्याबरोबर बायका हसल्या. मग तिने मांडीवर थाप मारली आणि फर्मान काढलं. "मंग माझापन दंड हाय. या मांडवात जो इंग्रेजी बोलल, तो हापशावरून हंडा भरून आणल. लग्नाला पाणी लागते."

"आये, तुला इंग्रेजी कंची ते काय कळते?" एक सून म्हणाली.

"माला नाय कळत. पोशीला कळते. पोशी मॉनिटर."

मी म्हणाले, "सॉरी, पण पाहुण्यांना..."

पुढचं बोलायच्या आत शेजारून खणखणीत आवाज आला. "मावशी! हंडा!"

खोलीभर हशा. आरोही स्वतः हसत होती, त्या अर्ध्या दातासकट, आणि हसता हसताच, आजीने तिसऱ्यांदा टाकलेली सूर्याची ओळ तिने पुरी व्हायच्या आत झेलली. काड्या भिंतीला लागल्या.

मी हंडा घेऊन निघाले. मागे चंद्राची ओळ पडली, झेलली गेली. मग फणीची, मग शिडीची. हापसा जरा लांब आहे.

रविवार

इंग्रजी शाळेच्या शिक्षणाचा यापेक्षा चांगला उपयोग मी पाहिलेला नाही. लग्नाच्या दिवशी आरोही आजीला चिकटून बसली होती. ओळ झेलायची, आणि दोन ओळींच्या मध्ये कान टवकारून शिकार करायची. डीजेवाला 'साउंड चेक' म्हणाला, एक हंडा. नवरदेव 'टेन्शन' म्हणाला, एक हंडा, बाशिंगासकट. 'मोबाईल'वर वाद झाला. प्रकरण आजीपुढे गेलं. आजीने निकाल दिला, "मोबाईल आमचाच. तो रानातपन वाजते." 'बस' आणि 'तिकीट'ही सुटले. मी एकटीने किती हंडे आणले ते विचारू नका. पुढच्या पिढीची काळजी करणाऱ्या मराठी लेखिकेने स्वतःच्या तोंडातली इंग्रजी मोजायची असेल तर एका हापशाजवळचं लग्न गाठावं.

दुपारी उकडहंडी होती. मडक्यात कंद, वालपापडी, वांगी, पाला लावून उलटं पुरून आचेवर केलेली. कुठल्याही रिसॉर्टमध्ये मिळते तिच्यापेक्षा चांगली. तिथे ती 'हेरिटेज' म्हणून मिळते, आणि बिलावर तसं दिसतं. सोबत ताडी. ताडी सकाळची गोड, दुपारची बोलकी.

ती बोलकी होत असतानाच नरेश आला. मोटारसायकल लांब लावून, चालत, तोंड दगडासारखं. वनिता भात वाढत होती, तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"शाळेतून फोन आला," नरेश म्हणाला. "मॅडमचा. माफी लिवून द्या म्हणते. नायतर पुढच्या वर्षी ॲडमिशन..."

"बाबा! हंडा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. आरोही आजीच्या शेजारी उभी होती, बोट बापाकडे. दोन वर्षांत पहिल्यांदाच, वनिताने मला नंतर सांगितलं, ती बापाशी मोठ्या आवाजात बोलली होती. आणि वर वारलीत दम भरला, "काय बघतेस? आन ना!" बापाला 'बघतोस'ऐवजी 'बघतेस' म्हणाली, आजी जसं बोलते तसं, पण कोणाला चुकीचं वाटलं नाही.

नरेशने हंडा उचलला. गेला. बराच वेळ आला नाही. वनिता दोनदा वाटेकडे बघून आली. मग तो आला, हंडा खांद्यावर, शर्ट भिजलेला. हंडा ठेवला आणि लेकीसमोर उकिडवा बसला.

"गानं येतं तुला?"

"येतं."

"समदं?"

"आजी टाकते तवढं."

तो वनिताकडे वळला. "माफी नाय लिवायची. सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर. ड्रमपण वाचल आपली पोरगी, आन हे पन."

डीजेवाल्याला शेवटी परवानगी मिळाली. आजी म्हणाली, "आता बोंबल." तो बोंबलला, आणि आजीच सगळ्यात आधी नाचली.

घरी

मी सोमवारी सकाळच्या गाडीने निघाले, त्यामुळे शाळेतला दुसरा अंक मला फोनवर कळला. जसा कळला तसा सांगते.

नरेशने शाळेत जाऊन सांगितलं: पोरगी येणार. इंग्लिश शिकणार. वारली बोलणार. दंड भरणार नाही. काढायचं तर काढा, पण का काढलं ते कागदावर लिहून द्या, इंग्लिशमध्ये द्या, आमची पोरगी वाचून दाखवेल. बाईंनी लिहून दिलं नाही. काढलंही नाही. नरेशच्या बिल्डिंगमधली सिवानवाली शेजारीण हे ऐकून शाळेत गेली, "हमार बबुआ भी दंड ना दी." तिच्यामागे एक अहिराणीवाले गेले. डबा टेबलावरून उचलून कपाटात ठेवलाय म्हणतात. फोडलेला नाही, फेकलेला नाही, कपाटात आहे. क्रांती झाली असं मी लिहिणार नाही. पुढच्या वर्षीची सीट अजून पुढच्या वर्षीच आहे, आणि वनिता रोज सकाळी पोरीला गेटवर सोडते आणि ती वर्गात शिरेपर्यंत तिथून हलत नाही.

पण फेब्रुवारीत पलीकडच्या पाड्यावर लग्न आहे. आजीने सुपारी घेतली. शेवटचं लग्न ते नव्हतं.

तुम्हाला जायचं असेल तर जा. चिंचणीचा किनारा बघा, सातपाटीची सुकी मासळी घ्या, पाम गावातून संध्याकाळी चालत जा, हवा बरी असली तर. पण कुठल्याही शाळेच्या गॅदरिंगला पिसं दिसली तर टाळ्या वाजवू नका. उठून जा. पाठ दाखवून जा. तारपा थर्माकोलचा असतो तेव्हा पाठ दाखवलेली चालते.

काल रात्री जेवणाआधी आरोहीचा फोन आला. आईचा मोबाईल घेऊन. फेब्रुवारीच्या लग्नाला या म्हणाली, सगळं वारलीत. मला निम्मं कळलं, निम्मं अंदाजाने झेललं. येते म्हणाले, आजीला नमस्कार सांग म्हणाले. आणि सवयीने शेवटी तोंडातून गेलंच, "ओके, बाय."

पलीकडून लगेच,

"मावशी, हंडा."

नाशिकला माझ्या घराजवळ हापसा नाही. मी नळाखाली कळशी भरली, जिना चढून वनिताच्या जुन्या खोलीबाहेरच्या कुंड्यांना घातली, आणि खाली येऊन तिला परत फोन करून सांगितलं, "आणला."